‘लक्ष कुठं होतं तुमचं?’ : मुलाला बाहेर इजा झाली तर दाद कुठं मागायची

माझी भाची पाच वर्षांची असताना पुण्यातल्या एका बंदिस्त खेळघरात साडेचार फुटांच्या फळीवरून पडली. तासाचे पैसे भरून मुलांना आत सोडतात तशी ती जागा. बाजूच्या जाळीची शिवण उसवलेली होती आणि खाली जिथं गादी हवी तिथं नुसती फरशी. डाव्या कोपरापाशी हाड मोडलं, दोन तारा घालाव्या लागल्या. माझी बहीण तेव्हा दहा पावलांवर उभी होती. तरी त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर तिला चार जणांनी एकच प्रश्न विचारला, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ चौथ्या वेळी ती रडली आणि म्हणाली, ‘जाऊ दे, माझीच चूक.’

मला वाटतं, अशी निम्मी प्रकरणं या ‘जाऊ दे’पाशीच संपतात. आईबाप स्वतःला दोषी मानतात, म्हणून कुणाला काही विचारत नाहीत. पण कायदा हा प्रश्न पहिला विचारत नाही. ही जागा, हे यंत्र, हा रस्ता, ही तार कुणाच्या ताब्यात होती, आणि त्यानं लहान मुलं इथं येणार हे धरून पुरेशी काळजी घेतली होती का, हे तो आधी विचारतो.

आपल्याकडं निष्काळजीपणाच्या नुकसानभरपाईचा एक वेगळा, कलमवार कायदा नाही. न्यायालयांच्या निकालांतून तो घडत आलाय. त्यातली मांडणी मात्र साधी आहे. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्यानं पाळली नाही, त्यामुळंच इजा झाली आणि त्या इजेचं नुकसान दाखवता येतं, एवढ्या गोष्टी जुळल्या की दावा उभा राहतो. मूल सपाट हिरवळीवर स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडलं तर दुसरी गोष्ट जुळत नाही. तो निव्वळ अपघात, आणि त्यासाठी कुणाच्या मागं लागणं मलाही पटत नाही. घसरगुंडीचा पत्रा फाटून वर आलाय, झोपाळ्याची साखळी गंजून तुटलीय, चेंबरचं झाकण नाही, तर गोष्ट वेगळी.

मूल लहान असलं की काळजीचं माप वाढतं. ब्रिटनमधल्या दोन जुन्या निकालांवरून हे चांगलं कळतं, आपल्या विधी महाविद्यालयांतही ते शिकवतात. पहिला १९२२ चा, ग्लासगो शहराच्या महापालिकेविरुद्धचा. सार्वजनिक उद्यानात एका झुडपाला चेरीसारखी दिसणारी विषारी फळं लागली होती. इशाऱ्याची पाटी नव्हती. सात वर्षांच्या मुलानं ती खाल्ली आणि तो दगावला. मुलांना भुलवणारी गोष्ट मुलांच्या वाटेत ठेवली, तर ‘त्यानं हात का लावला’ म्हणून सुटता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दुसरा १९५५ चा. पाच वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या बहिणीबरोबर मोकळ्या जागेत फिरताना गटारासाठी खणलेल्या चरात पडला. तिथं दावा फेटाळला गेला. एवढ्या लहान मुलांना समंजस आईबाप एकटं सोडणार नाहीत, असं जागेच्या मालकानं धरून चालणं रास्त आहे, असं त्या न्यायाधीशांचं म्हणणं पडलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचा. पालकांच्या लक्षाचा मुद्दा येतो, पण तो एकटाच येत नाही. उद्यान, खेळघर, शाळेचं मैदान या जागा मुलांसाठीच असतात. तिथं ‘मुलं येतील असं वाटलं नव्हतं’ म्हणायची सोय नसते. आणि पालकांचं थोडं चुकलं असलं, तरी त्याचा भार सहसा मुलाच्या हक्कावर टाकत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाइतक्या शहाणपणाची अपेक्षा न्यायालयं करत नाहीत.

अजून एक तत्त्व पालकांच्या बाजूचं आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं. इमारत ऐंशी वर्षांची होती, आणि त्या काळच्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. वरून पाहून दोष कळला नसता, हा बचाव चालला नाही. नीट राखलेली इमारत रस्त्यावर आपोआप पडत नाही. ती पडली, याचाच अर्थ कुणीतरी हयगय केली, आणि तसं नसेल तर ते मालकानं दाखवावं. उद्यानातला झोपाळा मूल बसलेलं असताना मधोमध तुटला, तर हाच विचार तुम्हाला मांडता येतो.

हक्क मुलाचा असतो

इजा मुलाला झाली, म्हणून दावाही मुलाचाच. अठरा वर्षांखालचं मूल स्वतः न्यायालयात उभं राहू शकत नाही, म्हणून आई किंवा वडील त्याच्या वतीनं उभे राहतात. दिवाणी कायद्यात त्याला वादमित्र म्हणतात. सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तसलाच हा प्रकार. पालकांनी स्वतः केलेला खर्च, बुडालेला पगार, सोसलेला ताप हा त्यांचा वेगळा दावा. १९९८ मध्ये एका खासगी रुग्णालयातल्या चुकीच्या इंजेक्शननं मेंदूला इजा झालेल्या बालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मूल आणि आईवडील दोघंही ग्राहक आहेत असं मान्य केलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना मनस्तापापोटी पाच लाख, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश तिथं कायम झाला.

या एका गोष्टीतून पुढची फार महत्त्वाची गोष्ट निघते. दिवाणी दावा चालू असताना वादमित्राला मुलाच्या वतीनं परस्पर तडजोड करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ मध्ये तसं स्पष्ट आहे. कारण उघड आहे. पालक थकलेले असतात, बिल समोर असतं, आणि समोरचा पाकीट घेऊन उभा असतो.

आमच्याकडंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी खेळघराचा व्यवस्थापक फळं घेऊन आला. वागायला सभ्य माणूस. पहिलं बिल आम्ही भरतो म्हणाला आणि एक कागद पुढं केला. त्यात ‘पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढं कोणतीही तक्रार राहणार नाही’ असं लिहिलं होतं. माझ्या मेहुण्यानं पेन हातात घेतलं होतं. बाबा म्हणाले, ‘सही नको. पोरीचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, पुढं काय होणार ते डॉक्टरलाही ठाऊक नाही.’

बाबांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही खरं होतं. वाढत्या वयाच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. फ्रॅक्चर त्या थरातून गेलं, तर हाड जुळल्यावरही पुढं काही वर्षांनी हात वाकडा किंवा आखूड दिसू शकतो. कोपराजवळच्या मोडतोडीत याकडं विशेष लक्ष ठेवावं लागतं. म्हणून लहान मुलाच्या बाबतीत घाईची तडजोड मोठ्यांपेक्षा जास्त धोक्याची. मदत म्हणून बिलाचे पैसे घ्यायला हरकत नाही. पावतीवर ‘उपचार खर्चापोटी, हक्क राखून’ एवढं लिहा आणि बाकी कशावरही सही करू नका.

‘पालकांच्या जबाबदारीवर’ ही पाटी पाहून घाबरू नका. गाडी ‘मालकाच्या जोखमीवर’ लावा, अशी चिठ्ठी देणाऱ्या हॉटेलच्या ताब्यातून गाडी चोरीला गेली, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून अंग काढून घेता येत नाही. तो निकाल वाहनाचा आहे, मुलाचा नाही. पण गाडीला जी काळजी लागू होते ती पोराला लागू नाही, असं कोण म्हणेल?

पहिले दोन दिवस

आधी उपचार, हे सांगायला नको. डोक्याला मार असेल आणि मूल वारंवार उलटी करत असेल, गुंगीत जात असेल, तर कागदपत्रं वगैरे सगळं विसरून आधी रुग्णालय गाठा. मग जरा श्वास घेतला की एकच काम करा, केसपेपर वाचा. गडबडीत तिथं ‘खेळताना पडून इजा’ एवढंच लिहिलं जातं. आमच्या कागदावरही तसंच होतं. ‘अमुक ठिकाणी, फाटलेल्या जाळीतून, साधारण एवढ्या उंचीवरून फरशीवर पडली’ असं सांगितलं की डॉक्टर तसं लिहितात, आणि त्याच रात्री लिहिलेलं ते वाक्य दोन वर्षांनी वकिलाच्या दहा पानांपेक्षा जड ठरतं. गंभीर इजा असेल तर रुग्णालयाला ‘एमएलसी’, म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी नोंद करून पोलिसांना कळवायला सांगा.

दुसरं, कुणीतरी एक जण, काका, शेजारी, कुणीही, लगेच घटनास्थळी जाऊ दे. फोटो तीन अंतरांवरून काढायचे: पूर्ण जागा दिसेल असा, वस्तू दिसेल असा, आणि तुटका भाग जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झालेली दिसली तर तिचाही फोटो काढा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल पुसून टाकू नका. पाठवताना फोटो आकसतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते देताना मूळ फोन आणि मूळ फाइल हाताशी असलेली बरी. तिकीट, मनगटाची पट्टी, यूपीआयचा पैसे भरल्याचा संदेश, रक्त लागलेला फ्रॉक, सगळं एका पिशवीत.

तिसरं, सीसीटीव्ही. चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यावर नवं चढतं. म्हणून पत्र त्याच दिवशी द्यायचं, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. मजकूर एवढा पुरे:

‘दि. … रोजी सायंकाळी … वाजण्याच्या सुमारास आपल्या ताब्यातील … या जागेत माझी मुलगी, वय ५, हिला इजा झाली. त्या दिवशीचे दुपारी … ते रात्री … या वेळेतील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, अपघात नोंदवही व संबंधित साधनाच्या देखभालीच्या नोंदी जतन करून ठेवाव्यात. त्या नष्ट झाल्यास त्याची जबाबदारी आपल्यावर राहील.’

पोच द्यायला नकार मिळाला तर तोच मजकूर ईमेलनं आणि पोस्टानं पोच-पावतीसह पाठवा. महापालिकेकडं असेल तर क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक टाकून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणून ठेवून घेतलेला कागद पुढं सापडत नाही.

पोलिसांत जावं का? मुलाला गंभीर इजा असेल तर जावं, असं माझं मत आहे. हलगर्जीपणानं दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. इजा गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा होईल की नाही, हा दूरचा प्रश्न. जवळचा फायदा म्हणजे स्थळ पंचनामा. त्रयस्थ पंचांसमोर तुटकी साखळी नोंदवली गेली की नंतर ‘असं काही नव्हतंच’ म्हणता येत नाही. ठाण्यात ‘मिटवून टाका’ असा सल्ला मिळेल. लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या.

कुठल्या दारात जायचं

इथं सगळा गोंधळ होतो. इजा सारखीच असते, पण जागा बदलली की दार बदलतं.

पैसे भरून घेतलेली सेवा असेल, म्हणजे खेळघर, मॉल, जलतरण तलाव, उन्हाळी शिबिर, हॉटेल, तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अज्ञान ग्राहकाच्या वतीनं आईवडील तक्रार करू शकतात, असं सरळ लिहिलंय. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, त्यामुळं महाबळेश्वरच्या रिसॉर्टमधल्या अपघातासाठीही पुण्यातच दाद मागता येते. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही, आणि असल्या प्रकरणांत ती शे-पाचशेच असते. इथं मोजतात ते भरलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. कायदा सांगतो की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. आमच्या प्रकरणाला सव्वादोन वर्षं लागली, तेव्हा मनाची तयारी ठेवा. तक्रारीआधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक.

फुकटच्या सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही. त्यामुळं महापालिकेच्या विनातिकीट उद्यानात इजा झाली तर वाट दिवाणी न्यायालयाची, म्हणजे पुण्यात शिवाजीनगरची. तिकीट काढलं असेल तर ग्राहक आयोगातही मुद्दा मांडता येतो, म्हणून ते दहा-वीस रुपयांचं तिकीट फेकू नका. महापालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७. मला सगळ्यात जास्त भीती या कलमाची वाटते. पालक चार महिने उपचारांत असतात, दोन महिने अर्ज-विनंत्यांत जातात, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकण्यात जातात, आणि मुदत निघून जाते. अर्ज-विनंत्या चालू असताना घड्याळ थांबत नाही. दावा राज्य सरकारच्या खात्यावर असेल तर नोटीस दोन महिन्यांची.

रस्त्यावरचा खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल तर आता एक जवळचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातल्या सगळ्या पालिका आणि रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणांसाठी आदेश दिला: खड्डा वा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमीला इजेनुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते. मुलाला घेऊन दुचाकीवरून जाताना खड्ड्यात पडलात, तर दोघांचेही अर्ज वेगळे करा.

वाहनानं धडक दिली असेल, त्यात पुण्यातली पीएमपीची शहर बस आणि शाळेची व्हॅनही आली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. एप्रिल २०२२ पासून इथंही सहा महिन्यांची मुदत आहे. पैसे बहुधा विमा कंपनी देते, त्यामुळं ‘बिचाऱ्या रिक्षावाल्याकडून कसे घेणार’ म्हणून थांबू नका. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात, रुग्णालयात आधी ते विचारा.

विजेचा धक्का असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. २००२ च्या एका निकालात मध्य प्रदेशच्या वीज मंडळानं बचाव केला होता की कुणीतरी चोरून वीज घेण्यासाठी ओढलेली तार रस्त्यावर पडली होती, आमचा काय दोष. सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. इतकी धोक्याची वस्तू वाहून नेणाऱ्यानं ती निसटू देता कामा नये, निसटली की जबाबदारी त्याची. हलगर्जीपणा सिद्ध करायचीही गरज नाही. पावसाळ्यात उघड्या डीपीला मुलाचा हात लागला, तर हा निकाल वकिलाला आठवून द्या.

सोसायटीच्या बागेतल्या अपघाताबद्दल थोडं बिचकतच लिहिते, कारण तिथं समोर शेजारी असतात. व्यवस्थापन समितीनं तक्रार येऊनही झोपाळा दुरुस्त केला नसेल तर जबाबदारी येतेच, आणि ताबा अजून बिल्डरकडं असेल तर त्याच्यावर. पण माझा अनुभव असा की इथं आधी लेखी पत्र आणि सर्वसाधारण सभेत विषय, एवढ्यानं बरंच काम होतं.

देखभाल कुणाकडं होती हे माहीत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. महाराष्ट्राचा तसा नियम आहे, लांबलचक अर्ज त्यावरून परत येतो. ठेकेदाराचं नाव, कार्यादेशाची प्रत, साधनाची शेवटची तपासणी कधी झाली, आणि मागच्या एक वर्षात त्या जागेबद्दल आलेल्या तक्रारींच्या प्रती, एवढंच मागा. शेवटचं फार कामाचं. आधी तीन जणांनी तक्रार केली होती आणि कुणी हललं नव्हतं, हे कागदावर आलं की ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचावच संपतो.

आणि पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वडील कमावते आहेत का, हा प्रश्नच येत नाही. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००.

मुदत : दोन घड्याळं

मुदत कायदा, १९६३ मुलांशी दयाळूपणे वागतो. हक्क अज्ञानपणी निर्माण झाला असेल तर सज्ञान झाल्यावर मुदत मोजायला लागते, तीही कमाल तीन वर्षं. म्हणजे दिवाणी दाव्याला मुलाला एकवीस वर्षांपर्यंत अवधी मिळू शकतो. महापालिकेच्या सहा महिन्यांच्या अटीलाही ही सवलत लागू व्हावी, असा युक्तिवाद करता येतो. पण त्या भरवशावर बसू नका. मुलाचा हक्क वाट पाहतो, पुरावा वाट पाहत नाही. गंजलेली साखळी भंगारात जाते, ठेकेदार बदलतो, साक्षीदार बाणेर सोडून बंगळुरूला जातो. शिवाय ही सवलत मुलाच्या दाव्याला आहे, पालकांच्या स्वतःच्या खर्चाच्या दाव्याला नाही.

किती मागायचं

बिलांची बेरीज म्हणजे भरपाई नव्हे. रिक्षाचं भाडं, आईनं घेतलेली बिनपगारी रजा, फिजिओथेरपी, पुढची संभाव्य शस्त्रक्रिया, वेदना, बुडालेली शाळा, बंद झालेलं खेळणं, कायमचं व्यंग, या सगळ्याला न्यायालयं वेगवेगळी रक्कम धरतात. पाच वर्षांच्या मुलाचं उत्पन्न शून्य, मग भविष्याचं नुकसान काय मोजणार, असा प्रश्न पूर्वी यायचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाहन अपघातातल्या मुलांसाठी एक अंदाजपट्टी दिली: उपचार वगैरे खर्च सोडून, दहा टक्क्यांपर्यंत कायम अपंगत्वाला एक लाख, तीसपर्यंत तीन, साठपर्यंत चार, नव्वदपर्यंत पाच आणि त्यावर सहा लाख. त्यानंतर न्यायालयं बरीच पुढं आली आहेत. २०२० मध्ये मेंदूला इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीला सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च तिच्या पुढच्या आयुष्याच्या हिशेबानं धरून बासष्ट लाखांवर भरपाई दिली गेली. २०२५ मध्ये मुलाचं उत्पन्न धरताना निदान राज्यातल्या कुशल कामगाराचं किमान वेतन धरा, असं न्यायालयानं सांगितलं. हे वाहन अपघातांचे निकाल, पण इतर ठिकाणीही हिशेबाला आधार म्हणून दाखवता येतात.

त्यासाठी अपंगत्वाची टक्केवारी कागदावर हवी. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र चालतं, ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. हाड पूर्ण स्थिरावल्याशिवाय ते मागू नका, घाईत टक्केवारी चुकीची लागते. आणि वही ठेवा. माझ्या बहिणीनं एक साधी दोनशे पानी वही केली होती: तारीख, कुठं गेलो, किती खर्च, आणि त्या दिवशी पोरीला काय करता आलं नाही. ‘आज वेणी घालताना हात वर गेला नाही.’ ‘आज शाळेत झोपाळ्याजवळ गेली नाही.’ आयोगासमोर सगळ्यात जास्त वेळ ती वही चाळली गेली.

काही पालकांना पैसे नको असतात. ते म्हणतात, फक्त ती वस्तू दुरुस्त होऊ दे, दुसऱ्या कुणाचं पोर पडू नये. त्यांच्यासाठीही वाट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं अर्ज करून सार्वजनिक धोका दूर करण्याचा आदेश मागता येतो. जुन्या संहितेतलं कलम १३३ ते हेच. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेनं याच कलमाखालच्या आदेशाविरुद्ध ‘आमच्याकडं पैसे नाहीत’ अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. न्यायालयानं ती ऐकली नाही. अर्थात भरपाई आणि दुरुस्ती दोन्ही मागता येतात. आम्ही दोन्ही मागितल्या.

प्रकरण शेवटी आयोगापुढंच तडजोडीत मिटलं. खेळघरानं उपचाराचा पूर्ण खर्च दिला, वर मुलीसाठी वेगळी रक्कम दिली, आणि फळ्यांखाली गाद्या टाकल्याचे फोटो सादर केले. मुलीची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावानं मुदत ठेवीत आहे. व्याज उपचारासाठी काढता येतं, मुद्दल तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत नाही. भाची आता आठ वर्षांची आहे. दर जूनमध्ये डॉक्टर तिचे दोन्ही हात शेजारी ठेवून कोपराचा कोन मोजतात आणि आकडा वहीत लिहितात. यंदा डावा हात तीन अंशांनी वेगळा होता. पुढच्या जूनला परत बोलावलंय.